परत येण्याचा परवाना

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. गावातल्या बहुतेक घरांतला निदान एक तरी माणूस बोटीवर असायचा. माझे चाचाही मालवाहू बोटीवर खलाशी होते. आठ-दहा महिन्यांनी घरी आले की सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन यायचे. माझ्या वाट्याला पोस्टाची तिकिटे यायची. मी सातवी-आठवीत असेन, म्हणजे १९८४-८५ चा सुमार. त्या खेपेला चाचांनी फिजीतल्या सुवा बंदरात घेतलेले तिकिटांचे एक पाकीट मला दिले. त्यातल्या एका तिकिटावर वाफेच्या इंजिनाचे सुंदर रंगीत चित्र होते आणि देशाचे नाव होते तुवालू.

शाळेतल्या नकाशात मी हा देश पुष्कळ शोधला. सापडला नाही. भूगोलाच्या सरांनी 'असेल आफ्रिकेत कुठेतरी' म्हणून विषय मिटवला. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात मोठा अ‍ॅटलास हाती आला तेव्हा तुवालू सापडला. ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या साधारण मध्यावर, पॅसिफिक महासागराच्या निळ्या कागदावर टाचणीने टोचल्यासारखे नऊ ठिपके. गंमत अशी, की या देशात रेल्वे नाही. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर ती भरते सुमारे २६ चौरस किलोमीटर. तिथे रेल्वे धावणार तरी कुठून कुठे? संग्राहकांनी विकत घ्यावीत म्हणून परदेशात छापलेली ती तिकिटे होती. विकायला फारसे काही नसलेला एक देश आपले नाव विकून चार पैसे मिळवत होता.

त्या तिकिटाने मला जे वेड लावले ते आजतागायत सुटलेले नाही. तुवालूला मी कधी गेलेलो नाही. पण त्या देशाबद्दल जे मिळेल ते वाचत आलो. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

एखाद्याला तुवालूला जायचेच असेल, तर माहितीपत्रक साधारण असे सांगते. बहुतेक प्रवासी सुवाहून विमानाने जातात. पंख्याचे लहान विमान, आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या, अडीच तासांच्या आसपास प्रवास. राजधानी फुनाफुटी. विमानतळावर उतरल्यावर पाहुण्याला एक महिन्यापर्यंत राहण्याचा परवाना मिळतो. मात्र परतीचे तिकीट दाखवावे लागते. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. पैसे रोख न्यावेत, कारण एप्रिल २०२५ पर्यंत संपूर्ण देशात एकही एटीएम नव्हते. आपल्या माणसाला तिथे काही अडचण आली तर दाद कुठे मागायची? भारताची वकिलात तुवालूत नाही. सुवा इथले भारतीय उच्चायुक्तालयच तुवालूचेही काम पाहते.

ही माहिती चार ओळींची आहे. पण तिच्यातल्या एकेका ओळीच्या मागे इतिहास उभा आहे. 'परतीचे तिकीट' हे दोन शब्द तर मला या देशाच्या साऱ्या इतिहासाचे सार वाटतात. कोण गेले, कोणाला नेले आणि त्यातले कोण परत आले, हाच तुवालूचा इतिहास आहे.

आधी विमानतळाकडे पाहू. फुनाफुटीचे मुख्य बेट म्हणजे लांबच लांब, चिंचोळी पट्टी आहे. काही ठिकाणी तिची रुंदी वीस-पंचवीस पावलांइतकीच. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला शांत खाजण. या पट्टीचा जो भाग त्यातल्या त्यात रुंद आहे तो धावपट्टीने व्यापला आहे. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो. मग धावपट्टीवरची माणसे, कुत्री, मोटारसायकली बाजूला होतात. विमान गेले की संध्याकाळी त्याच धावपट्टीवर मुले फुटबॉल खेळतात. उकाडा वाढला की काही जण चटया घेऊन तिथे झोपायलाही येतात.

ही धावपट्टी बेटावरच्या लोकांनी मागितलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, २ ऑक्टोबर १९४२ रोजी, अमेरिकन सैन्य फुनाफुटीला उतरले आणि जपान्यांशी लढण्यासाठी त्यांनी ती बांधली. त्यासाठी नारळाची झाडे तुटली. लोकांच्या 'पुलाका'च्या खाचरांवरही भराव पडला. पुलाका म्हणजे आपल्या अळूच्या कुळातला मोठा कंद. पोवळ्याच्या बेटावर माती नसते, म्हणून लोक गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खोल खड्डे खणतात, त्यात पालापाचोळा कुजवतात आणि हा कंद पिकवतात. एकेक खाचर पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीचे असते. धावपट्टीच्या भरावासाठी सैन्याने बेटच ठिकठिकाणी खणले. ते खड्डे पुढे सत्तर वर्षे खाऱ्या पाण्याने आणि कचऱ्याने भरलेले राहिले. न्यूझीलंडच्या मदतीने ते बुजले २०१५ साली.

युद्धातला एक प्रसंग तिथे अजून सांगतात. एप्रिल १९४३ मध्ये जपानी विमाने बॉम्ब टाकू लागली तेव्हा सहाशेंवर माणसे चर्चमध्ये आसऱ्याला जमली होती. देवाच्या घरात आपण सुरक्षित आहोत असे त्यांना वाटत होते. एका अमेरिकन कॉर्पोरलने त्यांची मनधरणी करून त्यांना बाहेर काढले आणि खंदकांत नेले. थोड्याच वेळात चर्चवर बॉम्ब पडला. परक्यांच्या लढाईने आणलेले मरण एका परक्याच्याच शहाणपणाने टळले.

आता थोडे मागे जाऊ. या बेटांवर हजारेक वर्षांपासून पॉलिनेशियन लोक राहतात. त्यांची भाषा सामोआच्या भाषेला जवळची. युरोपियनांची पहिली नजर पडली १५६८ साली, स्पॅनिश दर्यावर्दी मेंडान्या याची. तो नुई बेटाजवळून पुढे निघून गेला. १८१९ मध्ये आरेंट डी पेस्टर नावाच्या कप्तानाने फुनाफुटी पाहिले आणि त्याला एलिस हे नाव दिले. एलिस म्हणजे एडवर्ड एलिस, ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य. कप्तानाच्या गलबतातला माल त्याचा होता. ज्याने ही बेटे कधी पाहिली नाहीत त्या माणसाचे नाव पुढे दीडशे वर्षे सगळ्या बेटांना चिकटले.

नाव गेले तरी माणसे होती. १८६३ साली माणसेही गेली. पेरू देशात मजुरांची टंचाई होती आणि तिथले दलाल गलबते घेऊन पॅसिफिकभर माणसे गोळा करत हिंडत होते. ही गलबते नुकुलाएलाए आणि फुनाफुटी या बेटांवर आली. नुकुलाएलाएवर दोनच वर्षांपूर्वी, १८६१ मध्ये, एलेकाना नावाचा कुक बेटांवरचा एक उपदेशक वादळात भरकटून येऊन पोहोचला होता. त्याने लोकांना नव्या धर्माची ओळख करून दिली होती आणि लोकांना आणखी शिकायचे होते. दलालांनी नेमके हेच हेरले. 'चला, तुम्हाला धर्म शिकवतो, कामही देतो' असे सांगून त्यांनी लोकांना गलबतांवर चढवले, असे नंतर आलेल्या मिशनऱ्यांनी लिहून ठेवले आहे. दोन्ही बेटांची मिळून चारशेच्या आसपास माणसे गेली. पेरूला गेलेल्यांपैकी कोणीही घरी परतले नाही, असे इतिहासकार सांगतात. १८६५ मध्ये मिशनरी नुकुलाएलाएला पोहोचले तेव्हा तिथे शंभरही माणसे उरली नव्हती.

हे वाचताना मी एका ठिकाणी फार वेळ थांबलो होतो. पेरूने हा व्यापार १८६३ मध्येच बंद केला. का केला? तर लिमामधल्या फ्रेंच वकिलाने जोरदार तक्रार केली. फ्रान्सच्या छत्राखालच्या बेटांवरूनही माणसे पळवली जात होती. हवाई हे तेव्हा स्वतंत्र राज्य होते. आपल्या प्रजेसाठी त्याचाही प्रतिनिधी लिमामध्ये बोलला. एलिस बेटांसाठी कोण बोलणार? त्यांचे राज्य नव्हते, वकील नव्हता, त्यांच्या नावाचा एक कागदही लिमामध्ये नव्हता. वकिलात, उच्चायुक्तालय हे शब्द आपल्याला फार कोरडे वाटतात. रांग, फॉर्म, शिक्का, एवढेच डोळ्यांसमोर येते. पण परक्या मुलखात तुमच्या नावाने दार ठोठावणारा कोणी असणे म्हणजे काय, हे नुकुलाएलाएच्या त्या रिकाम्या घरांवरून कळते.

पुढे १८९२ मध्ये ब्रिटिशांनी ही बेटे आपल्या संरक्षणाखाली घेतली. १९१६ मध्ये शेजारची गिल्बर्ट बेटे आणि ही एलिस बेटे यांची मिळून एक वसाहत झाली. गिल्बर्टचे लोक मायक्रोनेशियन, एलिसचे पॉलिनेशियन. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. पण लंडनच्या दप्तरात दोघांची फाइल एकच होती.

दरम्यान लोक आपल्या परीने वाट शोधत होते. वैतुपू बेटावर माणसे वाढली आणि जमीन पुरेना, तेव्हा तिथल्या लोकांनी युद्धकाळात साठवलेल्या पैशातून फिजीमधले किओआ नावाचे एक बेट विकत घेतले. १९४७ मध्ये पहिली ३७ माणसे तिकडे राहायला गेली. हे जाणे १८६३ सारखे नव्हते. आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने, आपले गाव बरोबर घेऊन ती गेली. तरीही किओआच्या लोकांना फिजीचे नागरिकत्व मिळायला २००५ साल उजाडावे लागले. जमीन विकत घेता येते, पण 'हा आपला' असे म्हणवून घ्यायला काही वेळा साठ वर्षे लागतात. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या माणसालाही अधूनमधून विचारला जातो. खाडीकाठच्या त्या गावाचे नाव सांगितले तरी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. त्यामुळे किओआच्या लोकांचा तो प्रदीर्घ मधला काळ मला थोडाफार समजतो.

मग आले १९७४ साल. ब्रिटिश जायच्या बेतात होते. एकत्र स्वतंत्र झालो तर संख्येने मोठ्या गिल्बर्टच्या राज्यात आपला आवाज कोण ऐकणार, अशी धास्ती एलिसच्या लोकांना वाटत होती. त्यांनी वेगळे व्हायचे म्हटले. ब्रिटिशांनी अटी घातल्या: वेगळे होत असाल तर ओशन आयलंडवरच्या फॉस्फेटच्या उत्पन्नात वाटा मिळणार नाही, बाकीच्या बेटांवर हक्क सांगता येणार नाही आणि वसाहतीच्या मालमत्तेतून एक जहाज तेवढे मिळेल. एवढे सांगितल्यावर कोणीही विचारात पडेल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांसमोर बेटाबेटांवर मतदान झाले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी वेगळे होण्याच्या बाजूने मत दिले. एक जहाज आणि आपले नाव, एवढ्यावर त्यांनी संसार मांडायचे ठरवले.

१९७५ मध्ये ती वेगळी वसाहत झाली आणि १ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वतंत्र देश झाला. तोआरिपी लाउटी पहिले पंतप्रधान झाले. एलिस हे नाव गेले आणि तुवालू आले. तुवालू म्हणजे एकत्र उभे असलेले आठ. बेटे नऊ आहेत, पण जुन्या काळापासून वस्ती आठांवरच होती. नववे निउलाकिता मागाहून वसले. देशाच्या नावात ना राजा, ना देव, ना नदी. आठ जण एकत्र उभे राहतील, एवढेच वचन त्या नावात आहे.

या देशाचा कारभारही पाहण्यासारखा आहे. ब्रिटनचा राजा नावापुरता प्रमुख, त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल. संसदेत १६ सदस्य, आठ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन. राजकीय पक्ष एकही नाही. निवडून आलेले सदस्य आपापसांत बोलून पंतप्रधान निवडतात. प्रत्येक बेटावर 'फालेकाउपुले' ही वडीलधाऱ्यांची सभा असते. आपल्या चावडीसारखीच. तिला कायद्याने अधिकार दिले आहेत. सगळा देश दहा-अकरा हजार लोकसंख्येचा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढा. पण या गावाला स्वतःचे परराष्ट्र धोरण आहे. १९७९ पासून तैवानशी त्याचे राजनैतिक संबंध आहेत. चीनकडे वळण्याचा मोह शेजारच्या कित्येकांना आवरला नाही, तुवालूने तो आजवर आवरला आहे.

पैसा कुठून येतो? थोडा तिकिटांतून आला, हे मी सांगितलेच. १९८७ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या मदतीने एक कायम निधी उभा केला. त्याच्या उत्पन्नातून अंदाजपत्रकाची तूट भरून निघते. जमीन २६ चौरस किलोमीटर असली तरी भोवतालचा हक्काचा समुद्र सात लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे. त्यात ट्यूना मासा पकडायला परदेशी बोटी परवाना शुल्क देतात. शिवाय इंटरनेटच्या वाटणीत या देशाला 'टीव्ही' ही दोन अक्षरे मिळाली. दूरचित्रवाणीवाल्यांना ती हवी होती. त्या अक्षरांच्या भाड्यातून आलेल्या पैशामुळे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यत्वाचा खर्च परवडू लागला आणि ५ सप्टेंबर २००० रोजी तुवालू १८९ वा सदस्य झाला. तिकिटावरच्या इंजिनाचीच ही पुढची गोष्ट, नाव विकून नाव राखण्याची.

आणि खलाशी. हे वाचले तेव्हा मला आमचे गाव आठवले. तुवालूच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रातून तयार झालेली मुले परदेशी मालवाहू जहाजांवर कामाला जातात, वर्ष-वर्ष बाहेर राहतात, घरी पैसे पाठवतात. त्यांच्याही आया जहाजाच्या तारखा मोजत असतील. आमच्या घरात दादी चाचांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाने खुणावून ठेवायची. बोटीवरच्या माणसाचे कागद म्हणजे घराचे देव्हारे, असे ती म्हणत नसे, पण वागायची तशीच. ते कागद कुराणशरीफच्या खालच्या फळीवर, रेशमी रुमालात बांधलेले असायचे. कारण त्या कागदांनीच माणूस जायचा आणि त्याच कागदांनी परत यायचा.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. तुवालूची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटर उंचीची. सर्वात उंच जागा पाच मीटरही नाही. गेल्या तीस वर्षांत तिथली समुद्राची पातळी सुमारे १५ सेंटिमीटरने वाढली, असे अमेरिकेच्या नासा संस्थेचे निरीक्षण आहे. मोठ्या भरतीला पाणी नुसते किनाऱ्यावरून येत नाही, पोवळ्याच्या सच्छिद्र जमिनीतून वर झिरपते. पुलाकाची खाचरे खारट होतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उपग्रहांची आणि जुनी हवाई छायाचित्रे ताडून काही संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की १९७१ ते २०१४ या काळात लाटांनी आणून टाकलेल्या वाळूमुळे तुवालूची एकूण जमीन थोडी वाढलीच. म्हणजे बेटे उद्याच बुडणार, असे चित्र खरे नाही. पण जमीन शिल्लक राहणे आणि तिच्यावर जगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिण्याचे पाणी, कंदाचे खाचर, घराचा उंबरठा हे सारे धोक्यात आहे. सरकारही हात बांधून बसलेले नाही. फुनाफुटीला समुद्रात भराव घालून सात हेक्टरांहून अधिक उंच जमीन तयार केली आहे.

यातून कायद्याचा एक प्रश्न उभा राहिला, आणि तो पूर्वी कोणी विचारलाच नव्हता. देश कशाला म्हणायचे? १९३३ च्या मोंटेव्हिडिओ करारात याच्या चार खुणा सांगितल्या आहेत: कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. यातला भूभागच राहण्याजोगा उरला नाही, तर? पासपोर्ट चालेल का? संयुक्त राष्ट्रसंघातली खुर्ची राहील का? समुद्रावरचा हक्क, मासेमारीचे परवाने, 'टीव्ही' ही अक्षरे कोणाची? २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभे राहून भाषण केले. ते छायाचित्र जगभर गेले. पण त्यापेक्षा महत्त्वाचे काम पुढे झाले. तुवालूने आपली राज्यघटना बदलली. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या घटनेने जाहीर केले, की हवामानबदलाने भूभागाची हानी झाली तरी तुवालू हे राज्य कायम राहील. हे वेडेपण आहे, असे काहींना वाटले. पण २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात म्हटले, की एकदा अस्तित्वात आलेल्या राज्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून त्याचे राज्यपण संपलेच पाहिजे असे नाही.

याच सुमारास ऑस्ट्रेलियाशी करार झाला. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी सह्या झाल्या आणि २८ ऑगस्ट २०२४ रोजी तो अमलात आला. त्याचे नाव 'फालेपिली'. शेजाऱ्याची काळजी घरच्यासारखी घेणे, असा त्या तुवालूअन शब्दाचा भाव आहे. आपल्याकडचा शेजारधर्मच म्हणा ना. त्यानुसार दरवर्षी २८० पर्यंत तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहण्याचा, शिकण्याचा, काम करण्याचा आणि मनात येईल तेव्हा मायदेशी येण्याजाण्याचा हक्क मिळतो. नावे चिठ्ठ्या टाकून काढतात. तुवालूचे राज्यपण पुढेही चालू राहील, हे ऑस्ट्रेलियाने करारात मान्य केले आहे. पण शेजारधर्मालाही किंमत असते. दुसऱ्या कोणत्याही देशाशी संरक्षणविषयक करार करायचा तर तुवालूला ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागेल. हे कलम देशात अनेकांना खटकले. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत त्यावर वाद झाले. सह्या करणारे पंतप्रधान काउसेआ नातानो यांची जागा गेली आणि फेलेती तेओ पंतप्रधान झाले. नव्या सरकारने तक्रारी नोंदवल्या, पण करार पुढे नेला.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये पहिल्या चिठ्ठीसाठी नावे मागवली. कुटुंबीय धरून ८,७५० माणसांची नावे आली. देश दहा-अकरा हजारांचा. पाचांपैकी चार माणसांनी नाव घातले होते. 'सगळा देशच निघाला' असे मथळे छापून आले. मला मात्र ती बातमी वाचून वेगळेच वाटले. नाव नोंदवणारा प्रत्येक जण जाईलच असे नाही. आमच्या गावात आखाताची दारे उघडली तेव्हाही ज्याने त्याने पासपोर्ट काढून ठेवला होता. त्यातले सगळे गेले नाहीत. गेले तेही शेताच्या बांधासाठी, घराच्या छपरासाठी, बहिणीच्या लग्नासाठी गेले. मात्र काहींची घरे कुलूपबंद राहिली ती राहिलीच, हेही मी पाहिले आहे. वर्षाला २८० म्हणजे थोडे वाटतात. पण गावातला शिक्षक, नर्स, बोट चालवणारा असे एकेक जण गेले, तर फालेकाउपुलेत बसायला आणि खाचरात उतरायला कोण राहील, ही तिथल्या वडीलधाऱ्यांची चिंता मला खोटी वाटत नाही.

त्याच जूनमध्ये आणखी एक बातमी आली. अमेरिका ज्या ३६ देशांच्या नागरिकांच्या प्रवेशावर निर्बंध आणण्याचा विचार करत होती त्या यादीत तुवालूचेही नाव होते. पण या वेळी न्यूयॉर्कमध्ये तुवालूचा राजदूत होता. त्याने विचारणा केली आणि ही चूक असल्याचे उत्तर मिळाले. तुवालूने तेही लेखी द्यावे म्हणून मागणी केली. मला लिमा आठवले. १८६३ मध्ये जे दार ठोठावायला कोणी नव्हते, ते २०२५ मध्ये ठोठावणारा कोणी होता. एवढ्यासाठी आठ बेटांनी १९७४ मध्ये एका जहाजावर समाधान मानले होते.

माझी दादी मुंबईहून बोटीने हजला गेली होती. तिच्याकडे नेहमीचा पासपोर्ट नव्हता. यात्रेकरूंना तेव्हा सरकार एक वेगळा पास देई, त्या एका यात्रेपुरता, जाण्याचा आणि येण्याचा. दादीला लिहितावाचता येत नव्हते. गोदीवर तिने तो पास माझ्या वडिलांच्या हातात देऊन विचारले, "यात परत यायचे लिहिले आहे ना रे? नीट बघ." वडिलांनी वाचून 'हो' म्हटल्यावरच ती शिडी चढली. मक्केला जाणाऱ्या बाईलाही आधी खाडीकाठच्या घराची खात्री हवी होती.

तुवालूचे लोक आज जगाला तेच विचारत आहेत. जाण्याची सोय झाली आहे. परत येण्याचे लिहिले आहे ना, ते नीट बघा. घटना हो म्हणते, करार हो म्हणतो, न्यायालयही जवळजवळ हो म्हणते. उरला समुद्र. तो कोणाच्याच सहीने बांधलेला नाही, आणि त्याची पातळी फुनाफुटीत ठरत नाही. ती ठरते आपल्या सगळ्यांच्या कारखान्यांत, मोटारींत, वीजघरांत.

इंजिनाचे ते तिकीट अजून माझ्याकडे आहे. परवा नातवाला दाखवले. त्याने विचारले, "ही गाडी कुठे जाते?" मी म्हटले, कुठेच जात नाही, त्या देशात रूळच नाहीत. मग त्याला फुनाफुटीच्या धावपट्टीची गोष्ट सांगितली. विमान गेल्यावर मुले तिथे फुटबॉल खेळतात, हे त्याला फार आवडले. तो म्हणाला, "मग विमान परत आले की?" मी म्हटले, भोंगा वाजतो. सगळे बाजूला उभे राहतात आणि कोण उतरते ते पाहतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)